पीएचडीचा विषय तुमच्या गोदामातच आहे

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. मुंबई विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये बी.ई. केलं. गेली अडीच वर्षं महाप्याच्या एका कंपनीत, गोदामात माल वाहणाऱ्या रोबोंवर काम करते. चाकांचे एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारे), आयएमयू (त्वरण आणि फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) आणि टूडी लायडार (लेझरने भोवतालची अंतरं मोजणारा) यांच्या मापनांचं फ्यूजन, म्हणजे एकत्रीकरण, आम्ही रॉस या रोबो-सॉफ्टवेअरमधल्या तयार ईकेएफ (एक्स्टेंडेड कालमन फिल्टर, मापनांवरून जागेचा अंदाज काढणारी पद्धत) पॅकेजवर करतो. लांब रॅकच्या गल्लीत रोबो स्वतःची जागा दोन मीटरपर्यंत चुकवतो, पण फिल्टर मात्र पाच सेंटीमीटरची खात्री दाखवत असतो. मला याच विषयात पीएचडी करायची आहे. सीनियर म्हणतात, ‘स्लॅम (नकाशा बनवता बनवता स्वतःची जागा ओळखणं) सुटलंय, आता त्यात काही उरलं नाही.’ खरंच तसं आहे का? गेट द्यावी की थेट बाहेर अर्ज करावा? प्राध्यापकांना बरेच मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही. नोकरी सोडायला घरून विरोध आहे, तो वेगळाच. – एक वाचक, ऐरोली

उत्तर :

तुमच्या पत्रातली गल्लीची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. सेन्सर चुकणारच, त्यात नवल नाही. पण दोन मीटर चुकलेला फिल्टर पाच सेंटीमीटरची ग्वाही देतो, तेव्हा वरचा प्लॅनर (मार्ग ठरवणारा भाग) त्या ग्वाहीवर विसंबून रोबो थेट रॅकच्या खांबावर घालू शकतो. फिल्टरने सांगितलेली अनिश्चितता खरी आहे का, आणि ती खोटी असेल तर फिल्टरला ते कसं कळावं, हा तुमचा विषय. त्यावर काम करणारे गट भारतात आणि बाहेरही आहेत.

सीनियरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उजेड चांगला, भोवती खाणाखुणा भरपूर आणि हालचाल बेताची असेल, तर ओआरबी-स्लॅम-३, ओपनव्हिन्स, फास्ट-लिओ अशा मोफत मिळणाऱ्या प्रणाली फार चांगली अचूकता देतात. अडचण सुरू होते ती भोवतालातून पुरेशी माहितीच मिळत नाही तिथे. तुमची गल्ली हे त्याचं अगदी शुद्ध उदाहरण आहे.

दोन्ही बाजूंना एकसारखे रॅक असले की स्कॅन मॅचिंगला (लायडारचा नवा स्कॅन आधीच्या स्कॅनशी जुळवून जागा काढण्याला) आडवी जागा आणि दिशा पक्की मिळते. गल्लीच्या लांबीच्या दिशेने मात्र स्कॅन पुढेमागे सरकवला तरी जुळणीत फरक पडत नाही. गणितात हे लगेच दिसतं : जुळणीच्या हेशियन मॅट्रिक्सची एक आयगेनव्हॅल्यू जवळजवळ शून्यावर येते, म्हणजे त्या दिशेची माहितीच नसते. तरीही मॅचर उत्तर देतोच, आणि बहुतेक ठिकाणी त्याला कॉन्फिग फाइलमधला ठरावीक कोव्हेरिअन्स (अनिश्चिततेचं माप) चिकटवलेला असतो. ईकेएफ त्यावर विश्वास ठेवतो. त्यात आणखी एक दोष मिसळतो. मॅचरला सुरुवातीचा अंदाज एन्कोडरकडून मिळतो, आणि लांबीच्या दिशेने माहितीच नसल्याने तो तोच अंदाज जसाच्या तसा परत देतो. मग तुम्ही एन्कोडर आणि लायडार यांना दोन स्वतंत्र मापनं मानून फ्यूज करता. एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदवावी तसं हे होतं, आणि प्रत्येक नोंदीला कोव्हेरिअन्स आणखी आक्रसतो. तुमचे पाच सेंटीमीटर बहुधा इथूनच येतात.

यावर झालेलं काम शोधायला सोपं आहे. झांग, केस आणि सिंग यांनी २०१६ साली आयगेनव्हॅल्यू तपासून कमकुवत दिशेत सुधारणाच न करण्याची पद्धत मांडली. आपसातला संबंध माहीत नसलेल्या दोन अंदाजांसाठी ज्युलिअर आणि उल्मन यांचं १९९७ सालचं कोव्हेरिअन्स इंटरसेक्शन आहे. पहिल्या पद्धतीत ‘कमकुवत’ म्हणजे किती, तो उंबरठा प्रत्येक जागी हाताने ठरवावा लागतो. दुसरी इतकी सावध आहे की हातातली खरी माहितीही वाया जाते. या दोन मर्यादांच्या मधल्या जागेत करण्यासारखं अजून पुष्कळ आहे.

तुम्ही वापरता ते पॅकेज बहुधा रोबोट_लोकलायझेशन असावं. तसं असेल तर एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा : त्याच्या १५ अवस्थांमध्ये जागा, दिशा, वेग, कोनीय वेग आणि त्वरण आहे, आयएमयूचा बायस (मापनात सतत राहणारी चूक) नाही. जायरो (आयएमयूतला फिरण्याचा वेग मोजणारा भाग) तापून सरकला की फिल्टरकडे ती चूक ठेवायला जागाच नसते आणि ती सरळ दिशेत जाते. संशोधनात वापरतात त्या एरर-स्टेट (अंदाजातल्या चुकीचा हिशेब ठेवणाऱ्या) फिल्टरच्याही १५ अवस्था असतात, पण त्यात जागा, वेग, दिशेतली चूक आणि दोन्ही बायस येतात. आकडा तोच असला तरी मॉडेल वेगळं आहे. इंटरव्ह्यूत हा फरक नेमका सांगता आला तर समोरच्याला कळतं की तुम्ही पॅकेज उघडून पाहिलं आहे.

आता अर्जाआधीचं काम. रोज संध्याकाळी दोन तास दिले तर साधारण चार महिने लागतील. कंपनीचे लॉग लेखी परवानगीशिवाय कुठेही वापरू नका, आलेखसुद्धा नाही. स्वतःचा छोटा रोबो बांधा : एन्कोडर असलेल्या दोन मोटर, एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि त्याला एक कॅमेरा, बीएमआय०८८ च्या दर्जाचा आयएमयू आणि आरपीलायडार ए१ सारखा १२ मीटर पल्ल्याचा लायडार. गल्ली शोधायला लांब जावं लागणार नाही. ऐरोली-घणसोलीच्या टॉवरांमधले सारख्या दारांचे लांब पॅसेज किंवा पोडियम पार्किंग पुरे आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारून घ्या. दर दोन मीटरवर टेपने मोजून जमिनीवर खूण करा आणि तिथे एप्रिलटॅग (कॅमेऱ्याला ओळखता येणारी छापील खूण) चिकटवा. मोकॅप (हालचाल टिपणारी कॅमेरा-यंत्रणा) नसताना खरी जागा कळायला एवढं पुरतं.

पहिल्यांदा आयएमयू. तो स्थिर ठेवून चार ते सहा तासांचा लॉग घ्या आणि ॲलन डेव्हिएशनचा (वेगवेगळ्या कालावधींच्या सरासरीत मापन किती हलतं ते दाखवणारा) आलेख काढा. उणे अर्ध्या उताराच्या रेषेवर एक सेकंदाच्या जागी नॉइज डेन्सिटी मिळते, तळाच्या सपाट भागातून बायसची स्थिरता. ठाणे-बेलापूर रस्त्याकडच्या खोलीत टेबलावर ठेवून लॉग घेतला तर जड वाहनांची थरथर त्यात येते आणि वक्राला मध्येच उंचवटा दिसतो. रात्री, तळमजल्यावर, थेट फरशीवर ठेवा. एसी मध्येच बंद-चालू करू नका. मिळालेले आकडे जसेच्या तसे फिल्टरमध्ये घालायचे नाहीत, कारण स्थिर लॉगमध्ये मोटरची कंपनं आणि तापमानाचा बदल नसतो. स्वस्त आयएमयूसाठी ते पाच ते दहा पटींनी वाढवून सुरुवात करतात. बायसला एवढं महत्त्व का, हे एका हिशेबाने कळेल : ०.०५ मीटर प्रति सेकंदवर्ग एवढा त्वरणाचा बायस न सुधारता ६० सेकंद सोडला तर जागा ९० मीटर सरकते. जायरोतल्या अवघ्या ०.०१ अंश प्रति सेकंद बायसने गुरुत्वाची दिशा कलते आणि त्याच एका मिनिटात सुमारे ६० मीटरची चूक होते.

मग चाकं. दोन चाकांमध्ये अर्धा मीटर अंतर असेल आणि एका चाकाचा व्यास एक टक्का चुकीचा धरला असेल, तर दहा मीटर सरळ गेल्यावर दिशा ११.५ अंशांनी चुकते. म्हणून दिशा जायरोकडून घ्या, एन्कोडरकडून मुख्यतः पुढचा वेग. पावसाळ्यात लोडिंग बेची फरशी ओली असते, चाक घसरतं, आणि एन्कोडर त्या घसरण्यालाच प्रवास म्हणून मोजतो. स्वतःच्या रोबोचे ओल्या फरशीवरचे असे लॉग मुद्दाम घ्या, तेच पुढे उपयोगी पडतील. लोखंडी रॅकजवळ मॅग्नेटोमीटरवर वेळ घालवू नका.

टाइमस्टॅम्पकडे फार कमी विद्यार्थी वेळेत लक्ष देतात. रोबो सेकंदाला ९० अंशांनी वळत असताना लायडार आणि आयएमयू यांच्या वेळेत २० मिलिसेकंदांचा फरक असेल, तर दिशा १.८ अंशांनी चुकते आणि दहा मीटरवरचा बिंदू ३० सेंटीमीटरहून जास्त सरकतो. संदेश संगणकावर पोचल्याची वेळ आणि मापन घेतल्याची वेळ एकच धरली की हे हमखास घडतं. फिल्टरचा नॉइज वाढवून ही चूक झाकता येते, म्हणून ती महिनोन्‌महिने सापडत नाही.

फिल्टर स्वतः लिहा, पॅकेज न वापरता. तुमचा रोबो सपाट जमिनीवर चालत असला तरी पूर्ण त्रिमितीय एरर-स्टेट फिल्टर लिहा. इथे ठरलेल्या जागी गाडी अडते. क्वाटर्नियनची (दिशा चार आकड्यांत लिहिण्याच्या रीतीची) हॅमिल्टन पद्धत आणि जेपीएल पद्धत एकत्र मिसळली जाते. दिशेतली चूक डावीकडून गुणायची की उजवीकडून, हे सूत्रागणिक बदलतं. स्थिर आयएमयू वरच्या दिशेने अधिक ९.८ दाखवतो, हे विसरून गुरुत्वाचं चिन्ह उलटं पडतं. प्रत्येक जेकोबियन (अंशतः विकलनांचं कोष्टक) संख्यात्मक पद्धतीने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर सिम्युलेशनमध्ये ५० वेळा फिल्टर चालवून एनईईएस (खऱ्या चुकीचा वर्ग फिल्टरने सांगितलेल्या अनिश्चिततेच्या मानाने किती, ते माप) काढा. जागेच्या तीन अवस्थांसाठी त्याची सरासरी ३ च्या आसपास हवी, आणि ५० फेऱ्यांना ९५ टक्क्यांची पट्टी २.३६ ते ३.७२ एवढी येते. सरासरी सातत्याने या पट्टीच्या वर असेल तर फिल्टर फाजील खात्री बाळगतो आहे. तुमच्या गल्लीतली तक्रार मोजायची फूटपट्टी हीच.

सिम्युलेशन जमलं की युरॉक हा खुला डेटासेट घ्या : ११ फेऱ्या, स्टिरिओ कॅमेरा २० हर्ट्झ, आयएमयू २०० हर्ट्झ. त्यावर ओपनव्हिन्स चालवा आणि ईव्हो या साधनाने चूक मोजा. मोजताना अंदाज आणि खरा मार्ग जुळवण्यासाठी स्केलही (लांबीचं प्रमाण) मोकळी सोडू नका. कॅमेरा-आयएमयूमध्ये जागेचे तीन आणि यॉचा (उभ्या अक्षाभोवतीच्या दिशेचा) एक, एवढेच चार घटक मुळात कळू शकत नाहीत. तेवढेच जुळवायचे. स्केल मोकळी सोडली तर स्केलमधली चूक आलेखातून नाहीशी होते आणि निकाल आहे त्याहून चांगला दिसतो. या चार न कळणाऱ्या दिशांपैकी यॉबद्दल साधा ईकेएफ लिनिअरायझेशनमुळे (वक्र समीकरणं सरळ धरल्यामुळे) नसलेली माहिती ‘मिळवतो’. फर्स्ट-एस्टिमेट जेकोबियन आणि इनव्हेरियंट ईकेएफ या दोन्ही वाटा त्या दोषावर उपाय म्हणून वापरतात. तुमच्या गल्लीचा आणि याचा सांधा एकच आहे : माहिती नसताना खात्री वाढणं. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमध्येही तेच घडतं. उपग्रहाचा सिग्नल काचेवरून परावर्तित होऊन येतो, रिसीव्हर चुकीची जागा देतो आणि सोबत लहान अनिश्चितता जोडतो. गोदामावरच अडून बसायला नको, एवढ्यासाठी हे सांगितलं.

या सगळ्याचा चार पानी अहवाल करा. एक प्रश्न, एक प्रयोग, तीन आलेख, आणि शेवटी कुठे जमलं नाही ते. कोड आणि डेटा गिटहबवर ठेवा. अर्जातली ही सगळ्यात वजनदार गोष्ट असेल, गुणपत्रिकेपेक्षाही.

आता कुठे जायचं. तुमच्याकडे बी.ई. आहे, एम.ई. नाही, आणि निवड मुख्यतः यावर ठरते. युरोपात पीएचडीच्या जागा नोकरीसारख्या जाहीर होतात, पगार मिळतो. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षं, नॉर्वेत तीन आणि शिकवण्याचं काम असेल तर चार. पण जवळपास सगळीकडे मास्टर्स लागतं. मास्टर्स झाल्यावर युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागाही बघा. त्यात ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं, अशी अट असते, म्हणून जर्मनीत मास्टर्स करून जर्मनीतलीच अशी जागा घेताना अडचण येते. अमेरिकेत बी.ई. वर थेट पीएचडीला अर्ज चालतो. पाच-सहा वर्षं लागतात, प्रवेश मिळाला तर फी माफ होऊन स्टायपेंड मिळतो, आणि अर्जाच्या तारखा बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात.

भारतात गेट द्याच. परीक्षा फेब्रुवारीत असते, नोंदणी आदल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. बी.ई. आणि गेटवर आयआयएससीत थेट पीएचडीला अर्ज करता येतो. आयआयटींमध्ये नियम विभागागणिक बदलतात, म्हणून संस्थेची नाही, विभागाची जाहिरात वाचा. पवईच्या आयआयटीत तुमच्यासाठी पहिलं दार सिस्टिम्स अँड कंट्रोल, मग एरोस्पेस आणि इलेक्ट्रिकल. प्रवेश जुलै आणि जानेवारी असे वर्षातून दोनदा होतात. हैदराबादच्या आयआयआयटीचं रोबोटिक्स रिसर्च सेंटर स्लॅमवर दीर्घकाळ काम करतं, आणि आयआयटी हैदराबादचं तिहान केंद्र स्वयंचलित नेव्हिगेशनसाठीच उभारलं आहे. खाडीपलीकडे अणुशक्तीनगरला होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे. बीएआरसीमध्ये रिमोट हँडलिंग आणि रोबोटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या जेआरएफच्या (कनिष्ठ संशोधन फेलोशिपच्या) जाहिरातींवर लक्ष ठेवा. थेट पीएचडीबद्दल मनात धाकधूक असेल तर एमएस बाय रिसर्च करा. दोन-तीन वर्षांत एक चांगला पेपर होतो आणि युरोपची मास्टर्सची अटही सुटते. तुमच्यासारख्या अर्जदाराला ही वाट आम्ही सगळ्यात आधी सुचवू. घर जवळ आहे म्हणून केवळ पवईचाच हट्ट धरू नका, आणि पवईला लागलात तर ऐरोलीहून रोज जाण्यायेण्यापेक्षा होस्टेल घ्या. प्रयोग रात्री उशिरापर्यंत चालतात.

बाहेरचे गट शोधताना विद्यापीठांची क्रमवारी बाजूला ठेवा. झांग आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा तो पेपर कुणी कुणी संदर्भाला घेतला, ते गेल्या तीन वर्षांपुरतं चाळा. तेच गट पुन्हा पुन्हा दिसतील. झुरिकच्या ईटीएचमध्ये लायडारच्या याच दोषावर काम झालं आहे, नॉर्वेच्या एनटीएनयूमध्ये खाणी-बोगद्यांतल्या रोबोंवर, ओपनव्हिन्स जिथून आलं त्या डेलावेअर विद्यापीठात फिल्टरच्या खरेपणावर, टोरांटोत सतत-काळ अंदाजावर, सिडनीच्या यूटीएसमध्ये आयएमयू आणि लायडारच्या फ्यूजनवर. यातले युरोपातले गट मास्टर्सनंतरच्या यादीत ठेवा.

मेलला उत्तरं का आली नाहीत, याचा अंदाज करता येतो. ‘मला आपल्या संशोधनात अत्यंत रस आहे’ असा मेल कुणालाही पाठवता येतो, आणि प्राध्यापकांना तो रोज येतो. तुमचा मेल १५० शब्दांचा असू द्या. विषयाच्या ओळीत प्रश्न लिहा, पदवी नाही. पहिल्या परिच्छेदात गल्लीतली चूक आणि तुम्ही मोजलेला एनईईएस. दुसऱ्यात त्यांच्या एका पेपरमधली एक पद्धत तुम्ही चालवून पाहिली आणि कुठे अडलात, हे नेमकं. शेवटी एकच प्रश्न : अमुक सत्रात तुमच्याकडे जागा आहे का? अहवालाची लिंक द्या, एक आलेख मेलमध्येच चिकटवा. एका वेळी चार-पाच जणांनाच पाठवा, कारण प्रत्येकाची पद्धत खरोखर चालवून पाहायला आठवडा जातो. अमेरिकेसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर ही योग्य वेळ. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. प्राध्यापकांइतकंच त्यांच्या पीएचडी विद्यार्थ्यांनाही लिहा. त्यांच्याकडून कळेल की मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, लॅबमध्ये चालू स्थितीतला रोबो आहे की फक्त डेटासेटवर काम होतं, आणि परिषदेचा खर्च कोण उचलतं. विद्यार्थ्यांशी बोलू द्यायला गाइड टाळाटाळ करत असतील, तर तिथे जाऊ नका.

इंटरव्ह्यूत फॅशनेबल गोष्टी क्वचितच विचारतात. कालमन गेन काढून दाखवा, जोसेफ फॉर्म का वापरतात, ऑब्झर्वेबिलिटी म्हणजे काय, मार्जिनलायझेशन आणि नुसतं काढून टाकणं यात फरक काय. लिनिअर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी फळ्यावर करता आली पाहिजे. एनपीटीईएलवरचे ऑनलाइन कोर्स त्यासाठी पुरेसे आहेत, पण गणितं वहीत सोडवलीत तरच.

घरच्यांच्या काळजीला आकड्यांनी उत्तर द्या. जानेवारी २०२३ पासून जेआरएफचा दर महिना ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,०००. पंतप्रधान संशोधन फेलोशिपची रक्कम याहून बरीच जास्त आहे, तिचे निकष अर्जाच्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. पात्र असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिपही आहेत, आणि परदेशासाठी समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. तुमचा पगार यापेक्षा जास्त असेल तर तो फरक घरी स्पष्ट सांगा, लपवू नका. नोकरी राखून पीएचडी करण्याची एक्स्टर्नल किंवा पुरस्कृत वाटही असते, पण त्यासाठी कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं, आणि शोधाचे हक्क व डेटा कुणाचा राहील हे त्यात लिहून घ्यावं लागतं. आम्हाला ती वाट तुमच्यासाठी कमी योग्य वाटते. या विषयात सलग वेळ लागतो, आणि डिलिव्हरीच्या तारखा आधी येतात.

तोवर नोकरी सोडू नका. अहवाल पुरा होऊन एखाद्या गाइडशी प्रत्यक्ष बोलणं होईपर्यंत तरी नाही. त्या गल्लीतल्या रोबोंसोबत रोज काम करायला मिळतं, ही सवलत बहुतेक अर्जदारांना नसते. कंपनीकडे एवढंच मागा : स्कॅन मॅचरची सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू लॉगमध्ये नोंदवायची परवानगी. ती शून्याकडे जाते त्या क्षणी लांबीच्या दिशेचा कोव्हेरिअन्स मोठा करून बघा, आणि रोबो एन्कोडरवर किती मीटर टिकतो ते मोजा. कंपनीचं काम सुधारेल, आणि स्वतःच्या रोबोवर नेमका कोणता प्रयोग करायचा तेही ठरेल.